अस्वलांची पंगत आणि बर्कलेचा विद्यार्थी

संध्याकाळ झाली की यलोस्टोनच्या हॉटेलांतले उष्टेखरकटे गाडीत भरून रानातल्या एका ठरलेल्या जागी ओतले जाई. समोर लाकडी बाके मांडलेली असत. त्यांवर प्रवासी दाटीवाटीने बसत, मग झाडीतून अस्वले येत, एकमेकांवर गुरकावत तो ढीग चिवडीत, आणि मंडळी तृप्त मनाने मुक्कामी परतत. १९२० ते १९४० या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानातले हे एक मोठे आकर्षण होते.

आज उद्याने, पर्यटन आणि मनोरंजन यांची व्यवस्था हा तिकडील विद्यापीठांतून शिकवला जाणारा स्वतंत्र विषय आहे. तेव्हा तसे काही नव्हते. यलोस्टोन १८७२ साली राखून ठेवण्यात आले आणि अशा उद्यानांचा कारभार पाहणारे खाते १९१६ साली निघाले. कायद्याने या खात्यावर दुहेरी काम सोपवले : निसर्ग सांभाळायचा आणि लोकांना त्याचा आनंद घेऊ द्यायचा, तोही पुढच्या पिढ्यांच्या ठेव्याला धक्का न लावता. वाचायला किती सोपे! पहिले संचालक स्टीफन मेदर हे टाकणखाराच्या व्यापारात श्रीमंत झालेले गृहस्थ. लोक आले तरच सरकार पैसा देईल, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. रस्ते झाले, हॉटेले उठली, मोटारी आल्या. रस्ते आखायला इंजिनिअर होते. प्राण्यांचे काय चालले आहे हे जाणणारे मात्र खात्यात फारसे कोणी नव्हते. गळ टाकणाऱ्यांना ट्राउट मासे मिळावेत म्हणून पेलिकन पक्ष्यांची अंडी फोडली जात. यलोस्टोनमधले अखेरचे लांडगे १९२६ साली मारले गेले.

तिकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राणिशास्त्र संग्रहालयात जोसेफ ग्रिनेल नावाचे प्राध्यापक होते. जे पाहिले ते त्याच दिवशी वहीत उतरलेच पाहिजे, असा त्यांचा कडक दंडक. उद्यानातले प्राणी हे त्या उद्यानाचे धनच होय, हे त्यांनी ट्रेसी स्टोरर यांच्यासह १९१६ सालीच लिहून ठेवले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला जॉर्ज मेलेंडेझ राइट हा वनशास्त्राचा विद्यार्थी १९२७ साली योसेमिटी उद्यानात नोकरीस लागला. जन्म १९०४ चा. आईवडील लहानपणीच गेलेले, पण वडिलोपार्जित पैसा भरपूर. त्या पैशाचे त्याने काय करावे? सर्व उद्यानांतील प्राण्यांची पाहणी करू द्या, खर्च मी सोसतो, असे त्याने वरिष्ठांना सुचवले. १९२९ साली ती पाहणी सुरू झाली. जोसेफ डिक्सन आणि बेन थॉम्प्सन या दोघांना बरोबर घेऊन तो मोटारीने उद्यानामागून उद्यान हिंडला.

१९३३ साली अहवाल छापून आला. त्यातला एक आग्रह असा की, लोकांना प्राणी दाखवायचा तो त्याच्या स्वाभाविक जीवनक्रमातच दाखवावा. त्याचा तमाशा करू नये. म्हणजे अस्वलांची पंगत मोडणे आले. खात्यात वन्यजीवांचा एक विभाग निघाला, राइट त्याचा प्रमुख झाला आणि १९३६ पर्यंत तेथे सत्तावीस जीवशास्त्रज्ञ काम करू लागले. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, मेक्सिकोच्या सीमेवरील नियोजित उद्यानाची पाहणी करून परतताना न्यू मेक्सिकोत मोटारीच्या अपघातात तो गेला. वय अवघे एकतीस. पुढे त्या विभागाला उतरती कळा लागली. एका माणसाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम खात्याच्या अंगवळणी पडायला वेळ मिळालाच नाही.

प्रेक्षकांची बाके महायुद्धाच्या काळात उठली. उकिरडे मात्र तसेच राहिले. बर्कलेचेच एक प्राध्यापक, स्टार्कर लिओपोल्ड, यांच्या समितीने १९६३ साली राइटचा विचार पुन्हा पुढे आणला. त्यानंतर काही वर्षांतच, १९७० च्या सुमारास, यलोस्टोनचे उकिरडे बंद झाले. लांडगे परत आणले गेले ते १९९५ साली.

अस्वलांना हा बदल सुखासुखी मानवला नाही. कित्येक पिढ्या खरकट्यावर पोसलेल्या त्या जनावरांना उकिरडे कसे मिटवावेत, एकदम की हळूहळू, यावर शास्त्रज्ञांतच कडाक्याचा वाद झाला. उकिरडे मिटताच अस्वले प्रवाशांच्या तळांकडे वळली, आणि त्या काही वर्षांत त्यांतली बरीच मारावी लागली.