बटण कोणाच्या हाती? गिरणगावातल्या वाजपाची शंभर वर्षं

गणपती जवळ आले की मुंबई महापालिका जुन्या, धोकादायक रेल्वेपुलांची यादी जाहीर करते. गेल्या काही वर्षांत करी रोडचा पूल आणि शेजारचा चिंचपोकळीचा पूल या यादीत हमखास असतात. सूचनाही ठरलेल्या: पुलावर गर्दी करू नका, नाचू नका, लाउडस्पीकर लावू नका. मंडळाच्या कार्यकर्त्यांना ही शिस्तीची बाब वाटते, पण मिरवणुकीपुढे वाजवणाऱ्या बेंजो पार्टीसाठी ती कसोटी असते. पुलाच्या चढावर साउंड खाली घ्यायचा, ढोल थांबवायचे आणि पलीकडे उतरल्यावर त्याच लयीत, त्याच पट्टीत सगळ्यांना पुन्हा उचलायचं. हे सांभाळायला वेगळा साउंडवाला बहुतेक पार्ट्यांकडे नसतो. जो वाजवतो त्याचाच एक हात मिक्सरवर असतो.

करी रोड, लालबाग, परळ या गिरणगावच्या पट्ट्यात ही रीत बेंजोच्याही आधीची आहे. वाजवणाऱ्यांनी आपला आवाज आपणच जुळवायचा, हे इथे वीज आणि माईक येण्यापूर्वीपासून चालत आलं.

गिरण्यांमध्ये कामाला आलेला कोकणी माणूस भजन, नमन-खेळे, शक्ती-तुरा आणि खालूबाजा घेऊन आला. घाटावरच्यांनी शाहिरी आणि तमाशा आणला. लालबागच्या हनुमान थिएटरात ढोलकी-हलगी घुमू लागली, चाळीचाळींत भजनी मंडळं उभी राहिली. हे सगळे कान गिरणीतून आलेले होते. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालत आणि शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागे, नाहीतर खुणा कराव्या लागत. पाळी संपवून भजनाला बसलेल्या साचेवाल्याला गोंगाटातून आपल्या कामाचा आवाज वेगळा काढायची सवय दिवसभराच्या कामानेच लागलेली असे.

माईक नसताना आवाज जुळवायचं मुख्य साधन होतं बसायची जागा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. हा आकडा कोणी शिकवला नव्हता, पण भजनी मंडळाची बैठक त्याच हिशेबाने पडत आली आहे. बुवा पेटी घेऊन पुढे, पखवाज बाजूला, कोरस मागे, आणि सगळ्यात कर्कश असलेल्या झांजा व चकव्या त्या कोरसच्या हातात. बुवा अभंगाचा चरण उलगडतात तेव्हा कोरसवाले झांजेला तळहाताने दाबून धरतात आणि गजर चढला की ती मोकळी सोडतात. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसले की हे तंत्र आणखी कडक होतं. समोरच्या बाजूला आपले शब्द नीट ऐकू गेले नाहीत, तर उत्तराला काही अर्थच उरत नाही.

शाहिरीतही हेच. शाहीर दोन पावलं पुढे, डफ त्याच्या हातात, तुणतुणं आणि झीलकरी मागे. झीलकऱ्यांची ‘जी जी’ चरणाच्या शेवटी येते, शाहिराच्या शब्दावर चढत नाही. पोवाड्याची रचनाच अशी की मोठा आवाज आणि महत्त्वाचा शब्द एका वेळी येऊ नयेत.

जागेचा स्वभावही ओळखावा लागे. करी रोड स्टेशनच्या पश्चिमेला, ना. म. जोशी मार्गावर, 1920 च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. मुंबईतल्या 207 बीडीडी इमारतींपैकी 32 इथल्या. तळमजला अधिक तीन मजले, 160 चौरस फुटांच्या खोल्या, काँक्रीटच्या सपाट भिंती आणि दोन चाळींच्या मध्ये लांबट पटांगण. अशा समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतो. ढोलकीची जलद बोटं तिथे चिखल होतात, संथ ठेका मात्र स्पष्ट राहतो. उलट परळच्या दामोदर नाट्यगृहात, म्हणजे ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने 1922 साली उभारलेल्या कामगारांच्या हक्काच्या रंगमंचावर, समोर भरगच्च प्रेक्षक बसले की त्यांच्या अंगावरचे कपडेच आवाज शोषून घेत. रिकाम्या नाट्यगृहात जमवलेली पातळी खेळ सुरू झाल्यावर कमी पडे.

मग कर्णा आला. मुंबईत शिकागो रेडिओ चालवणारे नानिक मोटवाने यांनी 1931 च्या कराची काँग्रेसला लाउडस्पीकर पुरवले आणि त्यानंतर देशभरच्या सभांतल्या माईकवर त्यांच्या कंपनीचं नाव झळकू लागलं. ही यंत्रणा भाषणासाठी होती: एक माईक, एक अ‍ॅम्प्लिफायर, चार दिशांना चार कर्णे. कर्णा मधल्या पट्टीतला मानवी आवाज लांब फेकतो, पण ढोलकीची घुमारी त्यातून जवळजवळ येतच नाही.

या भाषणाच्या माईकवर गाणं बसवायचं काम शाहिरांच्या पथकांनी केलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1940 च्या दशकात गिरणगावात उभं राहिलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभा गाजवू लागलं. अमर शेख पहाडी आवाजासाठी ओळखले जात. असा गळा एका माईकवर इतरांसोबत असला की बटणाचा उपयोग नसतो. बटण फिरवलं तर सगळेच एकदम वरखाली होतात. मग ताकदीच्या गळ्याने मागे सरायचं, बारीक गळ्याने जवळ यायचं, कोरसने अर्धगोल करायचा आणि डफाचं तोंड माईकपासून वळवायचं. वाजवणाऱ्यांची एवढी हालचाल हाच त्या काळचा मिक्सर होता. कर्ण्यासमोर माईक गेला की तो शिट्टी मारतो, हेही याच पिढीने अनुभवातून पाठ केलं. कर्णे माईकच्या पुढे आणि उंच बांधायचे, ही मंडपवाल्यांची पद्धत त्यातूनच रुळली.

आता बेंजो. नाव अमेरिकन वाद्याचं असलं तरी मुंबईचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ ताइशोगोतो हे जपानी वाद्य, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली बनवलेलं. टाइपरायटरसारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मूळ वाद्याचा आवाज इतका नाजूक की ढोलापुढे तो चार फुटांवरही टिकणार नाही. म्हणून रस्त्यावर उतरताना त्याला पिकअप बसला आणि वायर अ‍ॅम्प्लिफायरला गेली. म्हणजे रस्त्यावरच्या बेंजोवाल्याला कळांइतकंच आवाजाचं बटणही वाजवावं लागलं.

1980 नंतर कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले. हातगाडीच्या जागी टेम्पो, त्यावर जनरेटर, स्पीकरची भिंत आणि मधोमध छोटा मिक्सर अशी मांडणी ठरत गेली. इथला हिशेब स्टेजच्या उलटा असतो. ढोल, ताशे चालत वाजतात, त्यांना माईक नसतो, त्यामुळे त्यांचा आवाज कमी करता येत नाही. आधी ढोल किती वाजतात ते ऐकायचं आणि बेंजो, कॅसिओ त्याच्या किंचित वर आणून बसवायचे. अरुंद गल्लीत शिरलं की ढोलांचा आवाज भिंतींवरून परत येऊन दुणावतो. हमरस्त्यावर आलं की तो पसरून जातो. दर वळणावर हिशेब बदलतो. त्यातून स्पीकरची तोंडं पुढे आणि वाजवणारे त्यांच्या मागे, म्हणजे पब्लिकला काय ऐकू येतंय ते मिक्सरपाशी कळतच नाही. पुढे गेलेल्या एखाद्याच्या हाताच्या इशाऱ्यावर विसंबावं लागतं: हात वर, हात खाली, कानाला बोट.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक भोंगा बंद पडत गेला. गिरण्यांच्या आवारात वेगळं संगीत शिरायला पंचवीस वर्षं लागली. ना. म. जोशी मार्गावरच्याच मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 2007 साली ब्लू फ्रॉग हा क्लब सुरू झाला आणि 2016 पर्यंत चालला. देशी-विदेशी बँड तिथे वाजवून गेले. वेगवेगळ्या उंचीची गोलाकार आसनं, आवाजाचा विचार करून घडवलेली जागा आणि बँडकडे तोंड करून कन्सोलवर बसलेला साउंड इंजिनिअर, हे त्याचं वैशिष्ट्य. त्याच रस्त्यावर बीडीडीच्या पटांगणात बेंजोवाले स्वतःचा साउंड स्वतः जुळवत होते. इंजिनिअर असला की वादक फक्त वाजवू शकतो, पण बाहेर काय ऐकू जातंय ते दुसऱ्याच्या कानावर सोपवावं लागतं. ब्लू फ्रॉग बंद झाला त्याच वर्षी रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला आणि रस्त्यावरची ही मंडळी मोठ्या पडद्यावर नायक झाली.

दरम्यान आवाजाचं माप सरकारकडेही गेलं होतं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद; सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार लाउडस्पीकरची वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. गिरणगावात याचा अर्थ फार ठोस आहे. 1926 चं केईएम, 1941 चं टाटा मेमोरियल आणि वाडिया ही रुग्णालयं परळमध्येच आहेत आणि रुग्णालयाभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. मात्र ढोलांचा एक साधा ताफाही 55 डेसिबलच्या कितीतरी वर जातो, मग स्पीकर चालू असो वा नसो.

डीजेच्या भिंती आल्या तेव्हा हे भांडण आणखी चिघळलं, कारण त्यांच्याकडे ढोलांची मर्यादाच नव्हती. बेंजो पार्टीत स्पीकर वाढवायचा तो ढोलाशी जुळण्यापुरता, त्यापुढे वाढवला तर ठेका बुडतो आणि वाजवणाऱ्यांनाच एकमेकांचं ऐकू येईनासं होतं. डीजेच्या टेम्पोवर एकमेकांचं ऐकण्याची गरज असलेलं कोणीच नसतं.

आता जागाच बदलत आहेत. दामोदर नाट्यगृह 2023 पासून पुनर्विकासासाठी बंद आहे. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, पटांगणाऐवजी पोडियम आणि तीन मजल्यांऐवजी वीसच्या वर मजले. काही पार्ट्यांच्या टेम्पोवर डिजिटल मिक्सर पोहोचले आहेत. टॅबलेट हातात घेऊन एखादा पोरगा पब्लिकमध्ये जाऊन उभा राहतो आणि तिथूनच बेंजो वर, कॅसिओ खाली करतो. हाताचे इशारे करणाऱ्याची जागा त्याने घेतली आहे. ढोलाला मात्र अजून बटण नाही, त्यामुळे पहिला हिशेब आजही ढोलापासूनच सुरू होतो.