रुमिन् आणि रुमिस् : इंका अवशेषांवरील एका वाटाड्याची साक्ष

दोन वर्षांपूर्वी पेरू देशातील कुस्को नगरात काही दिवस राहण्याचा योग आला असता, उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातील ओयान्ताय्ताम्बो व माचू पिच्चू ही दोन इंकाकालीन स्थळे एका खासगी वाटाड्याच्या सोबतीने पाहता आली. या स्थळांची वर्णने विपुल आहेत आणि पुरातत्त्व हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो वाटाड्याच्या सांगण्याचा, आणि त्या सांगण्याचे भाषांतर होताना साक्षीचे काय होते याचा.

हा गृहस्थ चाळिशीतला. मातृभाषा कुस्को भागातील केचुआ, स्पॅनिश शाळेत शिकलेली, इंग्रजी धंद्यापुरती कमावलेली. आमचा व्यवहार इंग्रजीतून चाले. ओयान्ताय्ताम्बोच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारावरून वर गेले की गुलाबी छटेच्या र्‍हायोलाइट दगडाच्या सहा प्रचंड शिळांची एक अपुरी राहिलेली भिंत लागते. या शिळांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात काचीकाता येथे आहे. तेथून निघालेले पण मुक्कामाला न पोहोचलेले काही दगड वाटेत जागोजाग पडून आहेत. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘थकलेले दगड’ असे नाव आहे. वाटाड्याने खाण बोटाने दाखवली, आणि त्याच दमात सांगितले की दगड चालून चालून थकला, रडला आणि जागीच बसला. दोन्ही विधाने इंग्रजीत एकाच घडणीची होती. मी त्याला तीच हकीकत केचुआत सांगण्याची विनंती केली.

तेव्हा जे ऐकू आले ते असे : ‘रुमिस् सैकुस्का’. रुमि म्हणजे दगड, सैकु- म्हणजे थकणे. रुमि या शब्दाला लागलेला -स् हा प्रत्यय (व्यंजनानंतर -सि) ‘हे मी ऐकले आहे’ असे सांगतो. क्रियापदाचा -स्का हा भूतकाळही वक्त्याच्या डोळ्यांआडची घटना दाखवतो. खाणीविषयी बोलताना मात्र त्याने -न् हा प्रत्यय (व्यंजनानंतर -मि) वापरला, कारण तेथे तो स्वतः अनेकदा गेला होता. तिसरा प्रत्यय -चा, तो तर्काचा. माहितीचा उगम वाक्यातच सांगण्याची ही सोय त्या भाषेत नित्याची आहे.

आपल्याला हे अगदीच अपरिचित नाही. पाणिनीने लिट् हा लकार वक्त्याला परोक्ष असलेल्या भूतकाळासाठी सांगितला आहे. मराठीत ‘हा वाडा म्हणे पेशव्यांच्या कारभाऱ्याचा’ या वाक्यातील ‘म्हणे’ हेच काम करतो : बोलणारा वाड्याच्या मालकीला जामीन राहत नाही. विशेष असे की अँडीज पर्वतातील लोकांच्या स्पॅनिशमध्ये ‘दीसे’, म्हणजे शब्दशः ‘म्हणतो’, हे क्रियापद नेमके असेच वाक्यात येऊन पडते. केचुआची सवय परक्या भाषेतही आपली जागा करून घेते. इंग्रजीत, निदान पर्यटकांसाठी घोटून पाठ केलेल्या इंग्रजीत, ती जागा उरत नाही.

जुन्या ग्रंथांतही हा फरक दिसतो. सतराव्या शतकाच्या आरंभी केचुआत लिहिल्या गेलेल्या हुआरोचिरी हस्तलिखितात पुराणकथा -सि प्रत्ययाने सांगितल्या आहेत. गार्सिलासो दे ला व्हेगा याची आई इंका राजकुलातील. त्याचा ग्रंथ 1609 मध्ये स्पॅनिशमध्ये निघाला. त्यातही कुस्कोच्या गढीजवळच्या एका थकलेल्या दगडाची कथा आहे.

या प्रत्ययलोपाचा इतिहासलेखनावर परिणाम झाला नसता तर ही केवळ व्याकरणाची गंमत ठरली असती. 24 जुलै 1911 रोजी हायरम बिंगहॅम माचू पिच्चूवर चढला तो मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याला एक सोल मजुरी देऊन. दुभाषी होता सोबतचा सार्जंट कारास्को. वरच्या उतारांवर काही कुटुंबे शेती करीत होती, आणि भग्न घरांतून त्याला हिंडवले ते तेथल्याच एका लहान मुलाने. म्हणजे त्या स्थळाविषयीचे पहिले बोल केचुआतून स्पॅनिशमध्ये व स्पॅनिशमधून इंग्रजीत आले. प्रत्यय पहिल्याच पायरीवर गळाले. पुढे बिंगहॅमने हेच इंकांचे अखेरचे आश्रयस्थान व्हिल्काबाम्बा असे ठरवले, आणि थडग्यांतील सांगाडे बहुतांशी स्त्रियांचे समजले गेल्याने सूर्यकुमारिकांची कथाही रुळली. दोन्ही मते आज मान्य नाहीत. व्हिल्काबाम्बा म्हणजे एस्पिरितू पाम्पा, जे बिंगहॅमने स्वतः त्याच वर्षी पाहिले होते! सांगाड्यांच्या फेरतपासणीत स्त्री-पुरुषांच्या संख्येत तसा मोठा फरक आढळला नाही.

नावाचेही तसेच. माचू म्हणजे वृद्ध, वाय्ना म्हणजे तरुण. दोन शिखरांची ही नावे. 2021 मध्ये दोनातो आमादो व ब्रायन बावर यांनी जुने नकाशे व दप्तरे तपासून दाखवले की या नगराला पूर्वी वाय्ना पिच्चू अथवा नुसते पिच्चू म्हणत असावेत. जगप्रसिद्ध झालेले नाव एका वाटाड्याच्या तोंडून आलेले आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याने ठाऊक होते ते सांगितले.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे, आणि ती मला माझ्या वाटाड्यानेच नकळत शिकवली. हे नगर पाचाकुती राजाने बांधले, हे त्याने केचुआत सांगितले ते -न् लावून. पंधराव्या शतकातली गोष्ट त्याने पाहिली कशी? विचारता म्हणाला, ती आम्हाला प्रशिक्षणात शिकवली. हे मत निराधार नाही. 1568 च्या एका दस्तऐवजाच्या आधारे जॉन रो यांनी 1990 मध्ये ते मांडले. तथापि प्रत्ययाचा अर्थ ‘डोळ्यांनी पाहिले’ एवढा सोपा नाही हे यावरून ध्यानात यावे. वक्ता कोणत्या गोष्टीला जामीन राहण्यास तयार आहे, हे तो सांगतो. आणि शाळा, छापील पुस्तक, सरकारी परीक्षा यांनी ते क्षेत्र वाढते. पूर्वी जे -स् होते ते -न् होऊ लागते. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने निवेदकाचा प्रत्यय जसाच्या तसा टिपावा, पण त्याने तो कोठून कमावला हेही विचारावे.

शेवटी आम्ही इन्तिवाताना या शिळेपाशी आलो. इन्ति सूर्य, वाता- बांधणे, -ना साधनवाचक : ‘सूर्य बांधण्याची जागा’. हे नाव 1877 च्या स्क्वायरच्या प्रवासग्रंथाने प्रचारात आणले. शिळेचा उपयोग विचारताच वाटाड्या क्षणभर थांबला आणि उत्तर -चा लावून दिले. मग कडेचा टवका उडालेला भाग दाखवला. सप्टेंबर 2000 मध्ये बिअरच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालू असता क्रेन पडून तो उडाला होता. टवक्याला त्याने -न् लावला. क्रेनला -स्, कारण त्या दिवशी तो तेथे नव्हता.