‘युरोपचं वर्क परमिट’ असं काही असतं का? जर्मनीत नोकरीसाठी जाण्याची खरी प्रक्रिया काय आहे?

‘युरोप वर्क परमिट! परीक्षा नाही, डिग्रीची अट नाही, दीड महिन्यात व्हिसा.’ अशा अर्थाच्या जाहिराती इन्स्टाग्राम रील्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत फिरत असतात. यातले पहिले दोन शब्दच चुकीचे आहेत.

युरोपचं म्हणून एक वर्क परमिट अस्तित्वात नाही. युरोपियन युनियनमध्ये २७ देश आहेत आणि परदेशी माणसाला कामाची परवानगी द्यायची की नाही, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. पोलंडने दिलेल्या परमिटवर जर्मनीत नोकरी करता येत नाही. ‘शेंगेन व्हिसा मिळाला की झालं’ हाही तसाच गैरसमज आहे. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस फिरायला, नातेवाइकांना भेटायला किंवा बैठकींना जाण्यासाठी असतो. त्यावर नोकरी करणं बेकायदा आहे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, परमिट तिथे गेल्यावर करून देतो’ असं कोणी सांगत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा. जर्मनीत नोकरी करायची असेल तर भारतीय पासपोर्टधारकाला कामाचा व्हिसा निघण्याआधीच घ्यावा लागतो.

या लेखात उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे. कारण सध्या महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा त्याच देशाची आहे.

राज्य सरकारचा करार म्हणजे व्हिसा नव्हे

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे ओळख जुनीच. सुरुवातीला १० हजार तरुणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी अशी कामं यादीत आली आणि जर्मन भाषेचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने देण्याचं ठरलं.

पण व्हिसा देण्याचा अधिकार ना महाराष्ट्राकडे आहे, ना बाडेन-वुर्टेमबर्गकडे. तो जर्मनीच्या केंद्र सरकारच्या कायद्यानुसार मिळतो. करारातून नाव नोंदवलेल्या उमेदवारालाही पुढे सांगितलेल्या सगळ्या अटी पूर्ण कराव्याच लागतात.

९० हजारांच्या आकड्याचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्लीतल्या एका परिषदेत सांगितलं, की जर्मनी कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार आहे. त्याचा अर्थ ९० हजार जागा राखून ठेवल्या आहेत आणि कुणा एजंटकडे त्यातला ‘कोटा’ आहे, असा होत नाही. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासला जातो.

सगळा खेळ ‘मान्यते’चा

जर्मनीचा कुशल कामगार कायदा मार्च २०२० मध्ये लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आला. त्याचा गाभा मात्र तोच राहिला: हातात नोकरीचा करार हवा आणि आपलं शिक्षण जर्मनीतल्या शिक्षणाच्या तोडीचं असल्याची मान्यता हवी. या मान्यतेला जर्मनमध्ये ‘आनेरकेनुंग’ म्हणतात. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

पदवीधरांचं काम त्यातल्या त्यात सोपं. ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर जगभरातल्या विद्यापीठांची आणि पदव्यांची नोंद आहे, ती कोणालाही फुकट पाहता येते. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असा शेरा असेल आणि पदवीही समकक्ष दाखवली असेल, तर त्या पानाची प्रिंट अर्जाला जोडली की पुरतं. नोंद सापडली नाही तर पदवीच्या तुलनेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं. त्याची फी २०८ युरो आहे.

आयटीआय झालेल्यांचं गणित वेगळं आहे. जर्मनीत सुतार, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक होण्यासाठी साधारण तीन ते साडेतीन वर्षांचं ‘आउसबिल्डुंग’ असतं. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत. आपल्या आयटीआयची तुलना याच्याशी होते आणि अनेकदा ‘अंशतः समकक्ष’ असा निकाल येतो. म्हणजे राहिलेला भाग तिकडे जाऊन पूर्ण करायचा.

मार्च २०२४ पासून यावर एक नवा मार्ग आहे. किमान दोन वर्षांचं, मायदेशात सरकारमान्य असलेलं प्रशिक्षण, मागच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव आणि ठराविक पगाराची नोकरी असेल, तर जर्मन मान्यतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. २०२५ साठी ही पगाराची मर्यादा वर्षाला ४३,४७० युरो होती. ‘दोन वर्षांचं’ हे शब्द नीट वाचायला हवेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, पण प्लंबर आणि वेल्डर एक वर्षाचे. कराराच्या यादीत प्लंबर हा शब्द असला, तरी केवळ एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर या मार्गाने दार उघडत नाही. अशा तरुणांना जर्मनीतच आउसबिल्डुंग करणं हा जास्त खात्रीचा रस्ता आहे. तिथे शिकताना विद्यावेतन मिळतं, पण जर्मन भाषा साधारण बी-१ पातळीपर्यंत यावी लागते.

परिचारिकांसाठी अनुभवाचा हा मार्ग नाही, कारण नर्सिंग हा तिथे परवाना लागणारा व्यवसाय आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची कागदपत्रं तपासून संबंधित राज्याचं कार्यालय काय कमी आहे ते लेखी कळवतं. मग एक तर रुग्णालयात काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण, नाहीतर ज्ञानचाचणी. पूर्ण परवाना मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं आणि पगारही कमी असतो. भाषेची अट सहसा बी-२, म्हणजे रुग्णाशी आणि डॉक्टरांशी अडखळल्याशिवाय बोलता येईल इतकी. शून्यापासून तिथपर्यंत पोहोचायला नियमित अभ्यास करणाऱ्यालाही एखादं वर्ष सहज लागतं. ‘तीन महिन्यांत बी-२’ ही जाहिरात म्हणूनच पटत नाही. केरळच्या नोर्का या सरकारी संस्थेमार्फत ‘ट्रिपल विन’ योजनेतून परिचारिका जर्मनीला जातात आणि त्यांच्याकडून भरतीसाठी पैसे घेतले जात नाहीत, ही तुलनेसाठी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

ब्लू कार्ड आणि पगाराची रेघ

पदवीधरांना चांगल्या पगाराची नोकरी मिळाली, तर साध्या व्हिसाऐवजी ‘ईयू ब्लू कार्ड’ मिळतं. डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता युनियनमधले इतर सगळे देश ते देतात, पण तेही ज्या देशाने दिलं त्या देशापुरतंच सुरू होतं. जर्मनीत २०२५ साठी वार्षिक पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो होती. २०२६ साठी ती ५०,७०० झाली. आयटी, इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना कमी मर्यादा लागते, २०२५ मध्ये ४३,७५९ युरो ८० सेंट. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओतला आकडा धरून बसू नये.

हा पगार कर कापण्याआधीचा असतो. एकट्या माणसाच्या हातात त्यातले साधारण ६० ते ६५ टक्के पडतात, कारण कर, आरोग्य विमा आणि पेन्शन तिथेच वळतं होतं. एका युरोचे रुपये करून गुणाकार करताना हे हमखास विसरलं जातं, आणि म्युनिकचं घरभाडं त्यानंतर यायचं असतं.

ब्लू कार्डचा मोठा फायदा पुढे दिसतो. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत मिळू शकतो आणि बी-१ जर्मन येत असेल तर २१ महिन्यांतच. पती किंवा पत्नीला सोबत नेता येतं, त्यांनाही नोकरी करण्याची मुभा असते.

नोकरी नसताना जाता येतं का?

येतं. जून २०२४ पासून ‘शांसेनकार्टे’ म्हणजे संधी कार्ड सुरू झालं आहे. पदवी किंवा किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण, शिवाय ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी ही पहिली पायरी. त्यानंतर भाषा, अनुभव, वय वगैरेंचे मिळून सहा गुण हवेत. एक वर्ष राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. खर्चाची सोय मात्र दाखवावी लागते. २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो.

ही रक्कम उमेदवाराच्या स्वतःच्या नावाच्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवतात आणि तिथे गेल्यावर दरमहा थोडी थोडी काढता येते. ती एजंटच्या खात्यात भरायची नसते. ज्याच्याकडे पुरेशा पगाराची नोकरी आहे, त्याच्याकडून कामाच्या व्हिसासाठी हे खातं मागतही नाहीत. नोकरीचं पत्रही देतो आणि ब्लॉक्ड अकाउंटचे पैसेही मागतो, असा एजंट भेटला तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी समजावी.

अर्ज, फी आणि नकार

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, त्यानंतर मूळ कागदपत्रं आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. महाराष्ट्रातल्या अर्जांचं काम मुंबईतलं जर्मन कॉन्सुलेट पाहतं. व्हिसाची फी ७५ युरो. मग अनेक प्रकरणांत जर्मनीची केंद्रीय रोजगार संस्था पाहते, की देऊ केलेला पगार आणि कामाच्या अटी स्थानिक कामगाराइतक्याच आहेत ना. कंपनीला घाई असेल तर ती ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते, पण हा अर्ज जर्मनीतल्या मालकाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करायचा असतो. भारतातल्या कोणालाही ‘एक्स्प्रेस फी’ घेऊन ते करता येत नाही.

व्हिसा नाकारला गेला तर पूर्वी त्याच कार्यालयाकडे फेरविचाराची विनंती करता यायची. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता सुधारून नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं, एवढेच पर्याय आहेत. अपुरी किंवा बनावट कागदपत्रं जोडण्याची किंमत त्यामुळे आणखी वाढली आहे.

एजंटला किती पैसे?

भारतातून परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर आहे. असा एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, घेतलेल्या रकमेची पावतीही द्यावी लागते. पाच-दहा लाखांचे ‘पॅकेज’ या नियमात बसत नाही.

नियम मोडला की काय होतं, ते इटलीत दिसलं. तिथे हंगामी परदेशी कामगारांसाठी सरकार कोटा ठरवतं आणि परवानगीसाठीचा अर्ज मालकाने करायचा असतो. जुलै २०२४ मध्ये इटलीच्या पोलिसांनी व्हेरोना प्रांतातून ३३ भारतीय शेतमजुरांची गुलामीसारख्या परिस्थितीतून सुटका केली. हंगामी वर्क परमिट आणि चांगलं आयुष्य देतो म्हणून त्यांच्याकडून प्रत्येकी १७ हजार युरो मागण्यात आले होते. ते फेडण्यासाठी काहींनी घरदार गहाण टाकलं, काहींना मुकादमांनीच उसने दिले. मग आठवड्याचे सातही दिवस, रोज १० ते १२ तास, तासाला ४ युरोवर काम. तेही कर्जात वळतं होत होतं आणि पासपोर्ट मुकादमांकडे होते. पोलिसांनी ज्यांच्यावर आरोप ठेवले ते मुकादमही भारतीयच होते.

पोहोचल्यावर

घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयातून वास्तव्याचं कार्ड घ्यायचं असतं, तिथल्या तारखा लवकर मिळत नाहीत म्हणून पहिल्याच आठवड्यात मागणी केलेली चांगली. नोकरी गेली तर ते दोन आठवड्यांत या कार्यालयाला कळवावं लागतं. लपवून ठेवलं तर पुढचं नूतनीकरण अडचणीत येतं, कारण मालकालाही चार आठवड्यांत तीच माहिती द्यावी लागते. ब्लू कार्डवाल्याला पहिल्या १२ महिन्यांत कंपनी बदलायची असेल तर हे कार्यालय नव्या नोकरीची तपासणी करू शकतं.

पासपोर्ट मालकाकडे ‘सांभाळायला’ देण्याची गरज कुठल्याही टप्प्यावर नसते. पगार कमी दिला, जादा तासांचे पैसे बुडवले किंवा नोकरी सोडल्यास दंड भरण्याची अट घातली, तर ‘फेअर इंटिग्रेशन’ या सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रांमध्ये मोफत सल्ला मिळतो आणि तो अनेक भाषांमध्ये असतो. परदेशातून थेट कामगार आणणाऱ्या मालकाने या केंद्रांची माहिती कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत लेखी देणं १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झालं आहे.