होस्टिंग कंपनीच कोलमडली तर? नेट४इंडिया प्रकरणाने ग्राहकांना शिकवलेले धडे

हैदराबादच्या कोठी परिसरातील जामबाग मराठी माणसांना परिचित आहे, तो विवेकवर्धिनी या जुन्या मराठी शिक्षणसंस्थेमुळे आणि फुलांच्या बाजारामुळे. येथील घाऊक फूलबाजार पुढे गुडीमल्कापूरला हलला. असे स्थलांतर करताना व्यापारी दुकानाची पाटी काढून सोबत नेतो आणि गिऱ्हाईक नव्या जागी त्याच नावाने पोहोचते. संकेतस्थळाचेही तसेच असते. मात्र पाटी नेमकी कोणाच्या ताब्यात आहे, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते.

नाव वेगळे, जागा वेगळी

संकेतस्थळासाठी दोन स्वतंत्र सेवा घ्याव्या लागतात. डोमेन नाव ही पाटी होय. ते रजिस्ट्रारकडून ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते. होस्टिंग ही भाड्याची जागा. मजकूर, छायाचित्रे आणि बहुधा ई-मेलही कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. ‘.कॉम’सारख्या नावांच्या रजिस्ट्रारना ‘आयकॅन’ ही अमेरिकास्थित संस्था मान्यता देते, ‘.इन’ नावांचा कारभार २००३ मध्ये स्थापन झालेली ‘निक्सी’ पाहते. होस्टिंगवर मात्र असा कोणताही नियामक नाही. सोयीसाठी दोन्ही सेवा एकाच कंपनीकडे सोपवल्या की धोकाही एकाच ठिकाणी साठतो.

काय घडले?

नेट४इंडिया ही देशातील जुन्या रजिस्ट्रार आणि होस्टिंग कंपन्यांपैकी एक. २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पैसे भरूनही नूतनीकरण होत नाही, नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, ग्राहकसेवा प्रतिसाद देत नाही, अशा तक्रारींचा ओघ वाढला. संकेतस्थळांबरोबर ई-मेलही बंद पडल्याने अनेक लहान व्यवसायांचा ग्राहकांशी संपर्क तुटला. डिसेंबर २०२० मध्ये आयकॅनने करारभंगाची नोटीस बजावली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता रद्द करण्याचे जाहीर केले. कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशामुळे ही कारवाई काही काळ लांबली. अखेर आयकॅनच्या अखत्यारीतील नावे पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे वर्ग झाली.

वर्ग झाली ती केवळ नावे. जुन्या सर्व्हरवरील मजकूर व ई-मेल त्यांच्यासोबत आले नाहीत. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती, त्यांना नव्या जागी संसार मांडता आला. इतरांच्या हाती उरली ती नुसती पाटी.

दाद कोठे मागावी?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे कंपनी परराज्यात असली तरी गोमंतकीय ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर असली, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना सवलत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परंतु दिवाळखोरी प्रक्रियेतील स्थगिती लागू झाल्यावर कंपनीविरुद्ध दावे चालवता येत नाहीत; ग्राहकाला निराकरण व्यावसायिकाकडे रीतसर मागणी नोंदवावी लागते. म्हणूनच तक्रार वेळेवर करणे महत्त्वाचे.

घ्यावयाची काळजी

- डोमेनची नोंदणी संस्थेच्याच नावाने असावी. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावाने नसावी.
- नोंदणीसाठी दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरील नसावा. डोमेन बंद पडल्यास सूचनाही पोहोचत नाहीत.
- संकेतस्थळाची व ई-मेलची प्रत नियमितपणे अन्यत्र ठेवावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा तेथेच ठेवलेल्या काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही जळाल्या.
- स्थलांतरासाठी लागणारा ऑथ कोड मागितल्यापासून पाच दिवसांत देणे आयकॅनच्या नियमांनुसार रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. टाळाटाळ झाल्यास आयकॅनकडे तक्रार करता येते.
- नव्याने नोंदवलेले नाव पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही. त्यामुळे मुदत संपेपर्यंत न थांबता कंपनीची निवड प्रारंभीच पारखून करावी.