आडनांव, टोपणनांव आणि उर्फ

जुन्या कागदांतील माणूस ओळखणें हें संशोधकाचें पहिलें काम होय. परंतु कागदावरचें नांव त्या माणसाचें स्वतःचें, बापाचें, हुद्द्याचें, गांवाचें कीं लोकांनीं ठेवलेलें, हें ठरविल्यावांचून तें काम सिद्धीस जात नाहीं. शिवाय नांवांच्या या जातींना आपण जे शब्द लावितों, त्यांचे अर्थहि काळानुसार पालटले आहेत. आजचा अर्थ कालच्या कागदावर लादला, म्हणजे दोन माणसांचा एक आणि एका माणसाचे दोन होतात. म्हणून प्रथम शब्दांचाच विचार करूं.

हा पालट सर्वच भाषांत दिसतो. इंग्रजी बोलींत ‘मॉनिकर’ असा नांव या अर्थाचा एक हलका शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो लंडनच्या भटक्या लोकांच्या तोंडीं आढळतो. आयर्लंडांतील फिरस्त्यांच्या ‘शेल्टा’ नामक गुप्त बोलींतून तो आला असावा, असें एक मत आहे. अमेरिकेंत मालगाड्यांतून फुकट फिरणारे मजूर डब्यांवर व पाण्याच्या टांक्यांवर आपली खूण आणि घेतलेलें नांव लिहीत. त्यासहि हाच शब्द लागला. आज तो थट्टेनें कोणत्याहि नांवास लावितात. लपण्याचें नांव होतें तें मिरविण्याचें झालें. ‘निकनेम’ या शब्दांत जुना ‘ईक’ म्हणजे ‘अधिक’ हा शब्द आहे; मागील ‘ॲन’ मधील ‘न’ त्यास चिकटून आजचें रूप झालें. अधिकचें नांव, म्हणजे आपलें ‘उपनाम’च.

मराठींतील ‘आडनांव’ याच कुळींतलें. आडवाट, आडगांव, आडवेळ या शब्दांतील ‘आड’ मुख्यापासून बाजूस असलेलें दाखवितो. कानडींतील ‘अड्डहेसरु’ या शब्दाची घडण अशीच आहे. म्हणजे आडनांव हें शब्दार्थानें बाजूचें नांव; आज मात्र सरकारी दप्तरांत तेंच मुख्य होऊन बसलें आहे. ‘उर्फ’ हा अरबी. त्याचा अर्थ रूढ, लोकांत ठाऊक असलेलें. ‘टोपणनांव’ हें झांकण घालणारें नांव. पूर्वीं तें दुसऱ्यांनीं ठेवावें. अर्वाचीन कवींनीं तें स्वतः निवडलें, आणि कृष्णाजी केशव दामले यांस ‘केशवसुत’ याच नांवानें महाराष्ट्र ओळखूं लागला.

संस्कृत पोथ्यांत आडनांव वेष पालटून येतें. महाभारताचा सतराव्या शतकांतील टीकाकार नीलकंठ आपणांस ‘चतुर्धर’ म्हणवितो. तें ‘चौधरी’चें संस्कृत रूप होय, आणि त्याचें कूर्परग्राम म्हणजे गोदाकांठचें कोपरगांव. नागोजीभट्टाचें घराणें काळे. परंतु त्याच्या पुष्पिकांत ‘उपाध्याय’ हें उपनाम आढळतें. केवळ पुष्पिकेवरून सूची करणारा ही दोन घराणीं निराळीं मानील.

मोडी पत्रांत बहुधा स्वतःचें व बापाचें नांव असतें. आडनांवाची गरज भासत नाहीं. ‘बाजीराव बल्लाळ’ यांतील बल्लाळ हें बाळाजीचेंच रूप आहे. तें आडनांव समजणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. दुसरी अडचण घरगुती नांवांची. नातवास आजाचें नांव ठेवावें ही एक रूढि, आणि सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारूं नये ही दुसरी. या पेचांत नाना, भाऊ, दादा, तात्या हीं नांवें उपयोगी पडत. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, तो नानासाहेब. बाळाजी महादेव भानु यांचा नातू बाळाजी जनार्दन (१७४२–१८००), तोहि नाना. आणि त्याचें जगप्रसिद्ध ‘फडणवीस’ हें तर हुद्द्याचें नांव. तारीख नसलेल्या पत्रांत नुसतें ‘नाना’ आलें, तर आधीं अक्षर, मायना व सोबतचीं माणसें पाहावीं, निर्णय मागाहून.

प्रस्तुत लेखक राहतो त्या देहूरोडच्या आसपास या विषयाचीं उदाहरणें हाताशीं आहेत. देहूच्या तुकोबांचें कुळ मोरे व आडनांव अंबिले. अभंगांत मात्र ‘तुका’ एवढीच मुद्रा. त्यांचे बंधु कान्होबा ‘तुकयाबंधु’ म्हणून सही करतात. आणि ‘तुकाविप्र’ हा तर अठराव्या शतकांतील निराळाच कवि. बाड वाचतांना घाईनें ‘तुका’ एवढेंच टिपून घेतलें, तर तीन कवींचें धन एकाच्या खात्यांत पडतें. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या वंशास ‘देव’ हें नांव चिंतामणि महाराजांपासून तुकोबांच्या उद्गारानें मिळालें, अशी परंपरा आहे. ती सर्वांनीं जशीच्या तशी न मानली, तरी ‘देव’ हें त्या वंशाचें मागाहून आलेलें नांव आहे हें ध्यानांत ठेवावें. गांवाचीहि तीच गत. ‘देहूरोड’ हें मूळ देहूस जाण्याच्या वाटेवरील आगगाडीच्या ठाण्याचें नांव. देहू तेथून कांहीं मैल दूर. आतां तें स्वतंत्र वस्तीचें नांव असून १९५८ पासून तेथें त्याच नांवाची छावणी आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं येथें बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांच्या घराण्याचेंहि मूळ आडनांव सकपाळ. आंबेडकर हें आंबडवे या गांवावरून आलेलें.

एकाच पुरुषावर असे तीन थर कसे चढतात, याचें उदाहरण गोपाळ हरि देशमुख (१८२३–१८९२) यांचें. घराणें सिधये, वतनावरून देशमुख, लेखणीनें लोकहितवादी. यांतील एकहि नांव खोटें नाहीं. प्रत्येक आपापल्या कागदांत खरें आहे.

वतनाच्या तंट्यांतील कागद पारखतांना याचा विशेष उपयोग होतो. एखादें आडनांव त्या घराण्यांत जेव्हां प्रथम आढळतें, त्याच्या फार पूर्वींची तारीख घालून तेंच आडनांव मिरविणारी सनद संशयास्पद मानावी. उलट, आडनांव नाहीं एवढ्यावरून अस्सल कागद टाकूं नये. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, सूची करतांना कागदावरील नांव जसेंच्या तसें प्रथम उतरावें, आपण ओळखिलेलें नांव पुढें कंसांत द्यावें, आणि आडनांव प्रथम दिसलेल्या कागदाची तारीख नोंदवून ठेवावी. कंसांतील ओळख पुढील अभ्यासकास खोडतां येते. परंतु मूळ नांवाच्या जागींच आपलें नांव लिहून ठेविलें, तर त्याच्या हातीं पुरावाच उरत नाहीं.