बोस्को गुरीन : आल्प्समधील एक गाव आणि त्याची बोली



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी शिकविली ती महाराष्ट्राच्या सीमेबाहेर. म्हणून आज मी अशा एका गावाविषयी बोलणार आहे, की ज्याने मूळ प्रदेशापासून तुटून, परभाषेच्या वेढ्यात, आपली बोली साडेसातशे वर्षे जतन केली. गाव आपल्यापासून फार दूर आहे, स्वित्झर्लंडमध्ये; पण त्याच्यापुढचा प्रश्न या सभागृहातील कोणालाही अपरिचित वाटणार नाही.

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला तिचीनो नावाचा प्रांत आहे. त्याची भाषा इटालियन. मात्र या प्रांतातील सर्वांत उंचावरचे गाव पिढ्यान्‌पिढ्या जर्मन कुळातील बोली बोलत आले. ते बोस्को गुरीन. गावाच्या अधिकृत नावातच दोन भाषा शेजारी बसल्या आहेत. ‘बोस्को’ म्हणजे इटालियनमध्ये रान, आणि ‘गुरीन’ हे गावकऱ्यांच्या तोंडचे नाव. गाव सुमारे १५०० मीटर उंचीवर, माज्जा नदीच्या खोऱ्याला मिळणाऱ्या रोव्हाना खोऱ्याच्या एका उपशाखेत, अगदी शेवटी वसलेले आहे. पुढे वाट नाही, फक्त डोंगर. पश्चिमेला २३०० मीटरहून उंच अशी गुरीनर फुर्का ही खिंड आहे. ती ओलांडली की इटलीतील फोर्मात्सा खोरे लागते. जर्मन बोलीत त्याचे नाव पोमात.

गुरीनचे मूळ पुरुष याच खिंडीतून आले. रोन नदीच्या उगमाकडील व्हाले प्रांतात इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांच्या सुमारास अलेमान्नी लोक वसले होते. बाराव्या-तेराव्या शतकांत त्यांच्यातील काही कुटुंबे गुरेढोरे घेऊन खिंडी ओलांडत पूर्वेला आणि दक्षिणेला पसरली. व्हालेहून आलेले, म्हणून ते ‘वाल्झर’. त्यांच्या या स्थलांतराला केवळ साहसाची हौस म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते. डोंगरमाथ्यावरील ओसाड जमीन कसली जावी, खिंडींची वाट राखली जावी, अशी सरदारांची आणि मठांची गरज होती. त्या मोबदल्यात अनेक ठिकाणी वसाहतकारांना वंशपरंपरागत पट्टा, ठरीव खंड आणि आपले आपण न्याय करण्याची मुभा मिळे. गरज दोहोंकडची होती. फोर्मात्सात स्थिरावलेल्या वाल्झरांपैकी काही कुटुंबे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात खिंड ओलांडून गुरीनला आली, आणि १२५३ साली तेथे संत जेम्स व संत ख्रिस्तोफर यांच्या नावाने चर्चची प्रतिष्ठापना झाली. स्वतःचे चर्च म्हणजे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन गावातच. एका छोट्या समाजाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती!

येथील जीवन कष्टाचे होते. उन्हाळा अल्प, त्यात गुरांना वरच्या कुरणांवर न्यायचे आणि हिवाळ्यासाठी गवत कापून साठवायचे. गाय जगेल की नाही, हे कोठारातील गवतावर ठरे. चौदाव्या शतकातील एक घर अद्याप उभे आहे. दगडी जोत्यावर लाकडी ओंडक्यांची बांधणी, ही व्हालेकडून आणलेली रीत. हिवाळ्याचे भय मात्र निराळेच. १६९५ साली हिमप्रपात गावावर कोसळला आणि ३४ माणसे गेली. १७४९ साली पुन्हा ४१ जण दगावले. काही शेकड्यांच्या वस्तीत असा घाव दोन पिढ्यांत दोनदा बसला, तरी गाव उठले नाही.

आता बोलीचे पाहू. गावकरी तिला ‘टिच’ म्हणतात. ‘डॉइच’चेच हे रूप. अलेमानिक बोलींच्या अगदी जुन्या थरात तिची गणना होते. प्रमाण जर्मनमध्ये शब्दान्तीचे निरनिराळे स्वर झिजून एकसारखे झाले, ते या बोलींत आपापले वेगळेपण राखून आहेत. मूळ प्रवाहापासून तुटलेली शाखा पुष्कळदा जुने रूप सांभाळते. तंजावरच्या मराठीच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही.

ही बोली टिकली कशामुळे? स्वभाषाभिमान हे उत्तर सोपे आहे, परंतु मला ते पटत नाही. ओर्नाव्हास्सो हे इटलीतील गावही वाल्झरांनीच वसविले. ते टोचे नदीच्या सखल खोऱ्यात, रहदारीच्या वाटेवर होते, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथील जर्मन बोली मावळली. अभिमान तेथील लोकांत कमी होता असे मानण्यास आधार नाही. गुरीनला डोंगराने अडविले, म्हणून राखले. गवत, गुरे, बर्फ, चर्च, विवाह हे सारे व्यवहार गावातच आणि गावच्या बोलीत होत. चेव्हिओच्या कचेरीत जायचे तेव्हा इटालियन लागे, आणि ती गावकऱ्यांना येत असे. दोन भाषा होत्या, दोहोंची कामे वेगळी होती, आणि घरातले काम बोलीकडे होते.

राजसत्तेचे म्हणाल, तर १८४८च्या स्विस राज्यघटनेने जर्मनला राष्ट्रभाषांत स्थान दिले. मूळगाव फोर्मात्साच्या नशिबी फॅसिस्ट राजवटीत इटालियनची सक्ती आली. गुरीनवर तसा प्रसंग कधीच आला नाही. आणि तरीही! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माज्जा खोऱ्यातील पुरुष ऑस्ट्रेलियाला आणि कॅलिफोर्नियाला जाऊ लागले. डोंगरातील गवत कापण्याचे, पाठीवर भारे वाहण्याचे काम स्त्रियांवर पडले. पुढे शहरांतील नोकऱ्यांनी उरलेली तरुण मंडळी नेली. गुरीनचे चित्रकार हान्स टोमामिखेल (१८९९–१९८४) झ्यूरिकला गेले, आणि त्यांची ख्याती झाली ती क्नोर कंपनीच्या सूपच्या पाकिटावरील ‘क्नोर्ली’ या बुटक्या बाहुल्यामुळे. एकेकाळी सुमारे चारशेवर असलेली वस्ती २०००च्या जनगणनेत ७१वर आली, आणि त्यांपैकी केवळ २३ जणांनी जर्मन ही आपली मुख्य भाषा असल्याचे सांगितले. १९७०मध्ये हेच प्रमाण पाचांत चारांहून अधिक होते. म्हणजे हिमप्रपातांनी आणि परभाषेच्या वेढ्याने सात शतकांत जे केले नाही, ते रोजगाराने तीस वर्षांत केले.

जपणूक झाली नाही असे नाही. १९३८पासून गावात वाल्झर संग्रहालय आहे, आणि एमिली गेर्स्टनर-हिर्त्सेल या विदुषीने येथील लोककथा व दंतकथा जुन्या माणसांच्या तोंडून टिपून १९७९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. हे काम मोलाचे आहे. पण कोवळे गवत, वाळलेले गवत, कड्यावरचे गवत, दुसऱ्या कापणीचे गवत, यांना वेगवेगळी नावे असलेली बोली ही गवत कापणाऱ्यांची बोली असते. आता गुरीनच्या उतारांवर बर्फावरील खेळांसाठी पाळणे फिरतात. खालून येणारे प्रवासी इटालियन बोलतात, प्रमाण जर्मन बोलतात, आणि गावातली मुले त्यांच्याशी त्याच भाषांत बोलतात.