बैलाचा चढ

सह्याद्रीतल्या जुन्या घाटरस्त्यांचा चढ बैलाने ठरवला आहे. आखणी करणारा साहेब विलायतेतला असो की पुण्याचा, शेवटचा शब्द बैलाचा. भरल्या गाडीची जोडी दम न तोडता किती चढेल, तेवढाच रस्त्याला चढ द्यायचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा हे मला तोंडपाठ होतं. पायांना कळलं ते निवृत्तीनंतर, गिअरची सायकल घेतल्यावर.

वाईहून निघायचं, पसरणीचा घाट चढून पाचगणी, पुढे महाबळेश्वर आणि आंबेनळी उतरून पोलादपूर. सत्तरेक किलोमीटर, दिवसाभरात आरामात. एकट्याने जावं. सोबत कोणी असलं की गप्पा होतात आणि रस्त्याच्या मोऱ्या बघायच्या राहून जातात. शनिवार-रविवार मात्र टाळावा, मुंबई-पुण्याच्या गाड्यांना वळणावर सायकल दिसत नाही.

गाडीरस्त्याच्या आधीही घाटात बैल होतेच, पण पाठीवर गोणी घेतलेले. लमाणांचे तांडे कोकणातलं मीठ वर आणत आणि देशावरचं धान्य खाली नेत. पाठीवर ओझं असलेला बैल खडकातल्या पायरीवरही खूर रोवून चढतो. त्याला वळणं नसली तरी चालतं, वाटेत पाणी आणि चारा मिळाला की झालं. म्हणून पारघाट, रडतोंडी या जुन्या वाटा सरळ अंगावर येतात. १६५९ साली अफझलखानाची फौज वाईहून जावळीच्या खोऱ्यात गेली ती रडतोंडीनेच. अशा वाटेवर चाकाचं काम नाही. चाकाला सौम्य चढ लागतो, आणि सौम्य चढ हवा तर डोंगराच्या अंगाने लांबच लांब फिरत जावं लागतं. इंग्रजी अमदानीत घाट नागमोडी झाले ते यामुळे.

अशा रस्त्याची रेघ डोंगरावर कशी ओढत, ते सांगतो, कारण हल्ली ते हत्यार कुणाच्या हातात दिसत नाही. त्याला घाट ट्रेसर म्हणत. पितळेची हातभर पोकळ नळी, एका टोकाला डोळा लावायचं बारीक भोक, दुसऱ्या टोकाला तारांची फुली. नळी काठीला टांगायची. तिच्यावर एक सरकतं वजन असे आणि आकडे कोरलेले असत. वजन वीसच्या आकड्यावर सरकवलं की नळी आपसूक वीसला एकच्या उताराला झुकते. समोर मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचा मजूर, नळीएवढ्याच उंचीचं निशाण धरून झाडोऱ्यात उभा. फुलीत निशाण आलं की तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे सरकायचं. खुंटीमागून खुंटी जात राहिली की दिवसअखेर डोंगराच्या पोटावर एक वाट उमटलेली असे. उमेदवारीत मी ही नळी धरली आहे, तेव्हाही ती म्हातारीच होती.

आता पसरणीचा हिशेब करा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, पाचगणी सुमारे तेराशेवर, मधे बारा किलोमीटर. बारा हजारात सहाशे, म्हणजे बरोबर वीसला एक. आजही डोंगरी रस्त्याला इंडियन रोड्स काँग्रेस शेकडा पाच हाच नेहमीचा चढ सांगते. बैल रस्त्यावरून गेला, आकडा राहिला.

पहाटे कृष्णेचा पूल ओलांडला की थोड्या वेळात पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचं. गावापुढे चढ लागतो आणि मग सोडत नाही. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये घाई करणारा माणूस पुढे रस्त्याकडेला बसलेला सापडतो. मी सर्वांत हलका गिअर टाकतो आणि मोऱ्या बघत जातो. जुनी मोरी लगेच ओळखू येते. घडीव काळा दगड, चुन्याने भरलेले सांधे, तोंडाशी पाणी आपटून जमीन खरवडू नये म्हणून पसरलेली दगडी फरसबंदी. नव्या मोरीला सिमेंटचा पाइप असतो आणि त्यात बहुधा प्लॅस्टिकच्या बाटल्या.

वळणावर तर बैलाची आठवण हटकून येते. आखूड वळणात चढ चाळीसला एकवर आणायचा, असा नियम. जोडी वळताना आतला बैल जवळजवळ जागीच फिरतो, ओढ सगळी बाहेरच्यावर पडते, तिथे चढही असला तर गाडी मागे सरते. तेवढ्या वळणात सायकलवाल्यालाही श्वास मिळतो, मात्र त्याने वळण बाहेरून घ्यावं. आतल्या कडेला तेवढीच उंची कमी अंतरात चढावी लागते.

माझ्या लहानपणी या घाटात बिनगिअरच्या काळ्या सायकली होत्या. वर जाताना माणूस चालत, सायकल हाताशी. काही बहाद्दर ट्रकची मागची साखळी धरून जात, त्यांच्या आया देव पाण्यात घालून बसत. गिअरचं म्हणाल तर युरोपातही त्याला लोक नाकं मुरडत होते. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्राँज यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं की गिअर हे पंचेचाळिशीपुढच्यांचं काम. त्या शर्यतीत गिअर बदलण्याचं यंत्र चालू द्यायला १९३७ उजाडलं. मी साठी ओलांडली आहे, देग्राँज यांच्या हिशेबानेही मला परवानगी आहे.

पाचगणीत चहा. जॉन चेसनने १८६० च्या दशकात वसवलेलं, सिल्व्हर ओकचं आणि शाळांचं गाव. टपरीवर एक आजोबा सायकलच्या मागच्या चकत्या मोजत होते. "पाव्हणं, कुठनं आलासा?" वाईहून म्हटल्यावर म्हणाले, "मग यष्टी बंद हाय का?"

पाचगणी ते महाबळेश्वर रस्ता पठारावरचा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून. महाबळेश्वरचं ठाणं इंग्रजांच्या मनात भरलं ते १८२४ साली कर्नल लॉडविक वर येऊन गेल्यावर. गव्हर्नर जॉन माल्कमने १८२९ साली ही जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली. पुस्तकांत सगळं श्रेय लॉडविक-माल्कमला जातं, पण साताऱ्याहून वर यायचा रस्ता महाराजांनी करून दिला, हे कोणत्याही पॉइंटच्या फलकावर दिसत नाही. तसेच इथल्या तुरुंगातले चिनी आणि मलायी कैदी. त्यांनी इथे बटाटे आणि भाज्या पिकवल्या. तो तुरुंग १८६४ साली मोडला.

मुंबईचे साहेब मात्र साताऱ्याकडून येत नसत. ते गलबताने बाणकोटच्या खाडीत शिरत, सावित्रीतून महाडपर्यंत येत आणि तिथून पालखीत बसून पारघाट चढत. भोयांच्या खांद्यांची ही वाट १८७० च्या दशकात सुटली, आंबेनळीतून चाकाचा रस्ता झाल्यावर. त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचं नाव दिलं. पण या रस्त्याला उतारूंचं सुख फार काळ लाभलं नाही. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेला रेल्वे निघाली, वाठार स्टेशन झालं आणि मुंबईकर तिथे उतरून टांग्याने वाईमार्गे पसरणी चढू लागले. मला विचाराल तर आंबेनळी त्यामुळेच अजून बरीचशी जुन्या आकाराची राहिली.

उतरणही बैलाच्याच मापाची आहे. खाली येताना भरली गाडी जूवरून बैलाच्या मानेवर रेटते, म्हणून उताराला चढापेक्षा जास्त जपायचं. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीस किलोमीटरांत तेराशे मीटर, म्हणजे सरासरी तीसला एक. ब्रेक धरून बसू नये. रिम तापते. वळणाच्या आधी दाबावा, वळणात सोडावा. वर जांभा दगड, खाली काळा कातळ. कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा येतो, जवळच दरीत जुनं पार गाव.

पुढे ताजे व्रण दिसतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला आणि हा रस्ता जागोजाग दरडींखाली गेला, काही ठिकाणी वाहूनच गेला. रस्ता ओझ्याने मोडत नाही, पाण्याने मोडतो. रुंदीकरणासाठी डोंगराचा पाय कापायचा, गटाराची जागा डांबराखाली घालायची आणि पावसाला दोष द्यायचा, हे मी आतून पाहिलेलं आहे. मैलकुली होते तोवर मे महिन्यात प्रत्येक गटार हाताने उपसलं जाई. ती पदं गेली. ठेकेदार येतो तो दरड पडल्यावर.

पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. महाडकडे निघालं की सावित्रीवरचा नवा पूल. इथला १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या बसगाड्यांसह. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, कामाच्या वेगाबद्दल कौतुकही झालं. पुलावर सायकलला वेगळी जागा नाही. कठड्याला लागून मी महाडला पोचलो आणि स्टँडवर विचारलं, तर कंडक्टर म्हणाला, "काका, टपावर टाका, पण पुढचं चाक काढून घ्या, आणि सामानाचं तिकीट लागेल."